धावणाऱ्या मुलीने कोणते महाविद्यालय निवडावे?

बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले हे नाव आज आपल्या शाळेतील किती मुलांस ठाऊक असेल? सन 1920 च्या ऑगस्ट महिन्यात बेल्जममधील अँटवर्प येथे ऑलिंपिक सामने भरले होते. त्या वेळी ह्या आपल्या बेळगावकराने मॅरेथॉन शर्यतीचे 42 किलोमीटर 750 मीटर अंतर 2 तास 50 मिनिटे व 45 सेकंदांत कापून एकोणिसावा क्रमांक मिळविला. शर्यत जिंकणारा फिनलंडचा हानेस कोलेहमायनेन त्यांच्या सुमारे अठरा मिनिटे आधी पोहोचला होता. तरीही त्यांच्या मागे राहिलेले आणि शर्यत अर्ध्यावर सोडून गेलेले धावपटू काही थोडे नव्हते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारी खेड्यापाड्यांतील माणसे पाहून सर दोराबजी टाटा ह्यांच्या मनात हिंदी खेळाडूंचा चमू परदेशी पाठविण्याचा विचार आला आणि त्यांनी त्यासाठी पुढाकार घेतला. त्या चमूत चौगुल्यांची निवड झाली.

त्या काळी धावणाऱ्याने काही निवडायचे नसे. कोणा थोराची नजर आपल्यावर पडावी एवढीच इच्छा त्याने करावी. आज तसे राहिलेले नाही. आज दहावी झालेल्या मुलीपुढे चार दरवाजे उघडे असतात, आणि त्यांपैकी कोणत्या दरवाजातून आत शिरावे हे तिने, बहुधा एका महिन्याच्या आत, ठरवायचे असते. सोळा वर्षांच्या वयात केलेली ही निवड पुढील दहा वर्षांस पुरते. ह्यास्तव त्याविषयी आमचे मत आम्ही ह्या अंकात मांडीत आहोत.

हे लिहावेसे वाटण्याचे कारण आमच्या डोळ्यांसमोरच आहे. यंदा दहावीत एक मुलगी आहे. तिचे नाव देण्याचे कारण नाही; तिच्या वर्गातील मुले ते सांगतील. तिची आई घरी विड्या वळते, वडील तंबाखूच्या वखारीत हमाली करतात. तीन हजार मीटरच्या शर्यतीत ती शेवटच्या दोन फेऱ्यांत अशी काही वेगाने सुटते की पाहणाऱ्याने मैदानाच्या कुंपणाशी धावत जावे. तिच्या घरी ह्या हिवाळ्यात पाहुण्यांची वर्दळ वाढली. एकाने मोठ्या शहरातील वसतिगृहाचे नाव काढले, दुसऱ्याने जवळच्या महाविद्यालयात फी माफ करून देण्याचे आश्वासन दिले, तिसऱ्याने सांगितले की पोलीस भरतीपर्यंत थांबा. वडिलांनी आम्हांस विचारले, "सर, पोरगी पळतीया झकास, पण पळून पोट भरतंय व्हय?" प्रश्न रोखठोक आहे, त्याचे उत्तरही तसेच असले पाहिजे.

प्रथम आमच्या भागाची जी अडचण इतर कोठेही नाही तिचा विचार करू. निपाणी शहर कर्नाटकात आहे. येथील जी. आय. बागेवाडी महाविद्यालय बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाशी जोडलेले आहे. हे विद्यापीठ सन 2010 मध्ये स्थापन झाले. शहराला लागूनच अर्जुननगर आहे. ते मात्र कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, मोडते. तेथील देवचंद महाविद्यालय सन 1962 मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाचे. दोन्ही महाविद्यालयांतील अंतर आमच्या ह्या मुलीने सकाळच्या न्याहारीआधी चार वेळा कापावे एवढेच. परंतु त्या अंतरात एक सीमारेषा आहे. एका बाजूस नाव घातले की मुलगी बेळगाव जिल्ह्याची व कर्नाटकाची धावपटू; दुसऱ्या बाजूस घातले की कोल्हापूरची व महाराष्ट्राची. शालेय स्पर्धांत संघ राज्यवार निघतात, पुढे आंतरविद्यापीठ स्पर्धांत ते विद्यापीठवार निघतात, आणि ॲथलेटिक्स संघटनेकडील नोंदणी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायची तर ना-हरकत पत्रासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी राखीव जागा असतात. महाराष्ट्रात हे प्रमाण शेकडा 5 आहे. तेथेही कोणत्या राज्याच्या वतीने, कोणत्या दर्जाच्या स्पर्धेत यश मिळविले हे प्रमाणपत्र तपासताना पाहिले जाते. सीमाभागातील 865 गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे, आणि तेथील रहिवाशांस त्या राज्याने प्रवेशाच्या व नोकरीच्या काही सवलती दिल्या आहेत. त्या आपणांस लागू होतात की नाहीत हे पालकांनी ऐकीव माहितीवर न सोडता लेखी विचारून घ्यावे.

माध्यमाचा प्रश्न आहे तो वेगळाच. आमची मुले दहावीपर्यंत मराठीतून शिकतात. कर्नाटकातील पदवीपूर्व वर्गात गेली की इंग्रजी किंवा कन्नड. पलीकडे गेली तर कला शाखेत मराठी चालू राहते. जी मुलगी सकाळी पाचला उठून धावते आणि सायंकाळी पुन्हा मैदानावर जाते, तिला परक्या भाषेतील टिपणे रात्री जागून पाठ करावयास लावणे म्हणजे तिची झोप चोरणे होय, आणि झोप हा धावपटूच्या शिक्षणाचा निम्मा भाग आहे. तथापि ह्यावरून कोणी असा अर्थ काढू नये की आम्ही तिला भाषेच्या नावाने पलीकडे पाठवू पाहतो. आम्ही घरी कोकणी बोलतो, शाळेत मराठी शिकवितो आणि बाजारात कन्नडमध्ये भाजीचा भाव करतो. तिन्ही भाषांनी आमचे पोट भरले आहे. सीमेच्या वादात आमचे मत असेल ते असो. पण मुलगी जिंकली की तिला खांद्यावर घेऊन "आमची, आमची" म्हणणारे दोन्ही बाजूंस पुष्कळ निघतील. तिचा पाय दुखावला म्हणजे तिला दवाखान्यात कोण नेणार, हे आधी विचारावे.

आता मुख्य गोष्ट. आमचे स्पष्ट मत असे आहे की दीर्घ पल्ल्याच्या धावपटूने महाविद्यालय निवडू नये, प्रशिक्षक निवडावा. महाविद्यालयाचे नाव, इमारत, ढालींनी भरलेले कपाट, वार्षिक समारंभास येणारे पाहुणे ह्यांपैकी काहीही तिच्याबरोबर सकाळी सहा वाजता मैदानावर उभे राहत नाही. घड्याळ घेऊन एक मनुष्य उभा राहतो. तो कोण आहे, तेथे किती वर्षे आहे आणि पुढील चार वर्षे राहणार आहे काय, हे कळले म्हणजे बहुतेक सारे कळले.

उदाहरणासाठी फार लांब जावयास नको. नाशिक जिल्ह्यातील हरसूलजवळच्या सावरपाडा ह्या आदिवासी पाड्यावरील कविता राऊत हिने सन 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल सामन्यांत 10,000 मीटर शर्यतीत कांस्यपदक आणि त्याच वर्षी चीनमधील ग्वांगझौच्या आशियाई सामन्यांत रौप्यपदक मिळविले. ती घडली नाशिकमध्ये, विजेंदरसिंग ह्या प्रशिक्षकांच्या हाताखाली. त्यांच्याच हाताखाली संजीवनी जाधव तयार झाली; नाशिकच्या महाविद्यालयात शिकत असताना सन 2017 मध्ये तैवानातील तैपेई येथे भरलेल्या जागतिक विद्यापीठ सामन्यांत तिने 10,000 मीटरचे रौप्यपदक आणले. नाशिक काही खेळाची राजधानी नव्हे. तेथे एक जाणता मनुष्य वर्षानुवर्षे एका जागी राहिला, एवढेच.

परदेशातील गोष्टही अशीच आहे. सन 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये न्यूझीलंडच्या पीटर स्नेलने 800 मीटरची आणि मरे हॅलबर्गने 5,000 मीटरची शर्यत एकाच दिवशी, तासाभराच्या अंतराने जिंकली. दोघांचा शिक्षक आर्थर लिडियार्ड हा ऑकलंडमधील जोड्यांच्या कारखान्यात काम केलेला गृहस्थ. त्याने आपली पद्धत प्रथम स्वतःच्या शरीरावर अजमावून पाहिली व मग आसपासच्या पोरांना शिकविली. आधी महिनोन्‌महिने सावकाश व पुष्कळ धावावे, टेकड्या चढाव्या, आणि वेगाची तालीम शर्यतीचा हंगाम जवळ आल्यावरच करावी, हे त्याचे म्हणणे आज जगभर मान्य झाले आहे. ह्यास पैसा फारसा लागत नाही. धीर मात्र लागतो. निपाणी-बेळगावकडील माळ, चढउतारांच्या वाटा आणि सकाळची गार हवा लिडियार्डला फार आवडली असती असे आम्हांस नेहमी वाटते.

धीर हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला, कारण महाविद्यालयांच्या जिमखान्यांत नेमकी त्याचीच वाण असते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत गुण मोजून सर्वसाधारण विजेतेपदाची ढाल देतात. ढाल हवी म्हणून ज्या मुलीला 1,500 मीटर धावता येते तिला 5,000 मध्येही उतरवितात, दुसऱ्या दिवशी 10,000 मध्ये, आणि रिलेच्या चमूत चौथी मुलगी आजारी पडली तर तेथेही. आम्ही अशा स्पर्धा पाहिल्या आहेत. तिसऱ्या दिवशी दुपारी पायाला मलम चोळीत मंडपाच्या कडेला बसलेली मुलगी पाहिली आहे, आणि तिच्याच कमाईची ढाल हातात घेऊन छायाचित्रासाठी उभे राहिलेले लोकही पाहिले आहेत. दीर्घ पल्ल्याचा धावपटू पंचविशीच्या पुढे पिकतो. अठराव्या वर्षी त्याच्याकडून सारे काही उकळून घेणारे महाविद्यालय फी माफ करीत असेल, तर ती माफी फार महाग पडते.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. ती बोलावयास आपण संकोचतो, परंतु संकोचाने नुकसानच होते. खाणे कमी आणि धावणे फार झाले की मुलीचा मासिक धर्म लांबतो किंवा बंद पडतो. काही ठिकाणी ह्यास "शरीर हलके झाले" असे म्हणून दुर्लक्ष करतात. वस्तुतः ती शरीराने दिलेली हाक असते. पुढे हाडे ठिसूळ होतात आणि नडगीच्या किंवा पावलाच्या हाडास बारीक चीर पडून मुलगी महिनोन्‌महिने घरी बसते. रक्तातील लोह कमी झाले तरी वेग असाच जातो, आणि लोक म्हणतात की मुलगी आळशी झाली. ज्या महाविद्यालयात ह्याविषयी मोकळेपणे बोलता येईल अशी एखादी बाई नाही, आणि वसतिगृहात भाकरी, उसळ, शेंगदाणे, गूळ, दूध, अंडी पोटभर मिळत नाहीत, तेथे मैदान रबराचे असले तरी काय उपयोग?

औषधांचेही तेच. वर उल्लेखिलेल्या संजीवनी जाधववर सन 2018 मधील चाचणीत प्रतिबंधित द्रव्य आढळल्यावरून दोन वर्षांची बंदी आली. उमेदीच्या वयातील दोन वर्षे धावपटूस परत मिळत नाहीत. कोणी "ताकदीची पावडर" म्हणून पुडी हातात ठेवली तर ती कोणती, कोणी दिली, तिच्यात काय आहे, हे विचारण्याचे धैर्य मुलीस हवे, आणि विचारल्यावर रागावणार नाही असा प्रशिक्षक हवा.

आता भरतीविषयी. आमच्या भागात रस्त्याने पळणारा मुलगा दिसला की लोक विचारतात, "भरतीची तयारी काय?" बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राचे गाव, घराघरांत एखादा फौजी आहे, आणि त्याचा अभिमान आम्हांसही आहे. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनच्या बर्फात व राजस्थानच्या वाळवंटात राहिला, आणि स्टीपलचेस ह्या अडथळ्यांच्या शर्यतीकडे तो वळला तो सैन्यात गेल्यावरच. सन 2018 मध्ये त्याने गोपाळ सैनी ह्यांचा सन 1981 पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. सन 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल सामन्यांत केनियाच्या विजेत्यापेक्षा अवघ्या एका सेकंदाच्या विसाव्या हिश्श्याने तो मागे राहिला. सन 2023 मध्ये हांगझौच्या आशियाई सामन्यांत त्याने सुवर्णपदक घेतले. तेव्हा सैन्याचा मार्ग हा धावपटूचा मार्ग नव्हे असे कोण म्हणेल? पण ह्यात एक गोष्ट विसरली जाते. साबळ्यांस सैन्यात अमरीश कुमार हे प्रशिक्षक भेटले. भरतीसाठी जी तयारी आपल्याकडील मुले करतात ती 1,600 मीटर एकदा, एका सकाळी, जीव तोडून धावण्याची. तेवढ्यासाठी वर्षभर रोज तेच अंतर तसेच जीव तोडून पळणारी मुले आम्ही पाहतो. त्यांतील काहींच्या अंगी 10,000 मीटरचा गुण असतो, आणि तो कोणी पाहिलेलाही नसतो. सन 2022 पासून अग्निवीरांची मुदत चार वर्षांची झाली आहे, हेही पालकांनी हिशेबात धरावे.

मोठ्या शहरांचा मोह आम्ही समजू शकतो. पुणे, बंगळूर येथे चांगल्या धावपट्ट्या आहेत, डॉक्टर आहेत, बरोबरीने धावणाऱ्या मुली आहेत. आणि बरोबरीची सोबत ही मोठी गोष्ट, एकट्याने वेग वाढत नाही. खेलो इंडिया योजनेत निवड झालेल्या खेळाडूस दरमहा 10,000 रुपये हातखर्च मिळतो, ही रक्कम विड्या वळणाऱ्या घरात लहान नाही. अमेरिकेतील विद्यापीठे तर खेळाडूस शिष्यवृत्ती देऊन नेतात. दिल्लीचा उंच उडी मारणारा तेजस्विन शंकर सन 2017 मध्ये असाच कॅन्सस राज्यात शिकावयास गेला. परंतु तेथील दीर्घ पल्ल्याच्या धावपटूस शरद ऋतूत रानवाटांवरील शर्यती, हिवाळ्यात छपराखालील आणि वसंतात मैदानी असे वर्षास तीन हंगाम विद्यापीठासाठी धावावे लागते, आणि ढालीसाठी उकळून घेण्याची खोड तेथेही नाही असे नाही. जिला घर सोडवेल, जिच्या ओळखीचे कोणी त्या शहरात असेल आणि जिने तेथील प्रशिक्षकास आधी पाहिले असेल, तिने अवश्य जावे. मुलगी आहे म्हणून तिला घरी ठेवणे आम्हांस मुळीच मान्य नाही. पण शंभर मुलींच्या वसतिगृहात पंचाहत्तरावी होण्यापेक्षा ओळखीच्या मैदानावर एका जाणत्या माणसाची पहिली शिष्या होणे पहिली दोन-तीन वर्षे तरी बरे. एकोणिसाव्या वर्षी जाता येतेच.

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर अजून राहिले. पळून पोट भरते काय? थोड्यांचे भरते. सातारा जिल्ह्यातील माण ह्या दुष्काळी तालुक्यातील मोहीची ललिता बाबर सन 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीत धावली व दहावी आली. पुढे महाराष्ट्र शासनाने तिला उपजिल्हाधिकारी नेमले. असे भाग्य सर्वांस मिळेल असे सांगणे ही फसवणूक ठरेल. म्हणूनच नावापुरता प्रवेश, हजेरीची सूट आणि परीक्षेच्या आदल्या रात्री कोणीतरी आणून दिलेली टिपणे, अशा तऱ्हेचे पदवीचे शिक्षण आम्ही नको म्हणतो. कला शाखेची पदवीही नेटाने घेतली तर माणसाच्या हाती काही राहते, हे आम्ही स्वानुभवाने सांगू शकतो. घोट्याची एक शीर तुटली की धावणे संपते. तेव्हा मुलीस वाचता, लिहिता, शिकविता आले पाहिजे.

वडिलांस आम्ही एवढेच सांगितले आहे की मुलीस बरोबर घेऊन तिन्ही ठिकाणी जावे, आणि कचेरीत न जाता प्रथम पहाटे मैदानावर जावे. तेथे कोण धावत आहे ते पाहावे. तीन वर्षांपूर्वी ज्या मुली येथे आल्या त्या आज कोठे आहेत, हे विचारावे. वर्षात किती शर्यती धावावयास लावाल, हे प्रशिक्षकास विचारावे. त्याने आकडा न सांगता ढालींच्या कपाटाकडे बोट दाखविले तर नमस्कार करून परत यावे. त्यांनी मान डोलावली, पण वखारीतून रजा मिळणे कठीण म्हणाले. तेव्हा रविवारी आमच्यापैकी कोणीतरी बरोबर जाईल असे ठरले आहे. शाळा सोडल्याचा दाखला तोवर मागू नये अशी विनंती आम्ही केली. दोन पाहुणे तो मागावयास येऊन गेले. तो शाळेच्या कपाटात आहे, आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे आहे.